मुलांना पैशाचा व्यवहार शिकवायचा तर स्वयंसेवकांनी नेमके काय करावे?

प्रश्न असा आला आहे: आम्ही काही नोकरदार आणि छोटे व्यावसायिक एकत्र आलो आहोत. कोणी बँकेत आहे, कोणी हिशेबनीस आहे, दोघांचा स्वतःचा धंदा आहे. आमच्या भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना आठवड्यातून एकदा पैशाचे व्यवहार आणि धंद्याची मूलतत्त्वे शिकवायची इच्छा आहे. काय शिकवावे, कसे शिकवावे, आणि याने खरोखर काही फरक पडतो का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

२०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर या अभ्यासकांनी आर्थिक साक्षरतेवरचे २०१ अभ्यास एकत्र तपासले. माणसे पैशाच्या बाबतीत वेगवेगळी का वागतात, याचा जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणामुळे उलगडतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शिवाय जो काही परिणाम दिसला तोही काळाबरोबर ओसरत होता. मग २०२२ मध्ये कायझर, लुसार्डी, मेंकहॉफ आणि अर्बन यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले ७६ प्रयोग तपासले. त्यांत दीड लाखाहून जास्त माणसे होती, आणि त्यांना ज्ञान व वागणूक या दोन्हींवर चांगला परिणाम दिसला. तुम्ही यापैकी एकच अभ्यास वाचलात तर एक तर निराश व्हाल किंवा निर्धास्त. दोन्ही वाचल्यावर आणि बरीच वर्षे मुलांमध्ये बसल्यावर माझे मत असे झाले आहे की नुसती माहिती दिली तर ती वाहून जाते, आणि प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी हाताशी आलेली माहिती टिकते. पंधरा वर्षांच्या मुलीला गृहकर्जाचे प्रकार शिकवले तर ते तिला कर्ज घेण्याच्या वयात आठवणार नाहीत. तिच्याकडून आज एक खरा निर्णय घेऊन घेतला, त्यात तिचे थोडे पैसे गुंतले आणि शेवटी तिनेच हिशेब मांडला, तर ते तिला वेगळ्या प्रकारे कळते.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. व्याख्यानमाला करू नका. मुलांकडून एक छोटा, खरा, मुदतीचा धंदा करून घ्या, आणि बचत, व्याज, कर्ज, जोखीम हे सगळे विषय त्या धंद्याच्या ओघात जिथे लागतील तिथे शिकवा.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे १९१९ मध्ये ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था सुरू झाली. टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल, कागद उद्योजक होरेस मोझेस आणि सिनेटर मरे क्रेन हे तिचे संस्थापक. शाळा सुटल्यावर मुले एकत्र यायची, छोटे भाग (शेअर) विकून भांडवल उभारायची, वस्तू बनवून विकायची, आणि मुदत संपली की कंपनी बंद करून भागधारकांचा हिशेब चुकता करायची. मार्गदर्शन करायला उद्योग-व्यवसायातली माणसे यायची. ही संस्था वर्गात जाऊन शिकवू लागली ती बरीच नंतर, १९७५ मध्ये. त्या जुन्या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे कंपनी बंद करण्याचा दिवस. आजचे बरेचसे उपक्रम विक्रीच्या दिवशी फोटो काढून संपतात, आणि जे शिकायचे असते ते तिथेच राहून जाते.

हिशेबाच्या दिवशी काय घडते ते एका उदाहरणाने दाखवते.

मुलांच्या गटाने हाताने बांधलेल्या ४० वह्या केल्या. एका वहीला सामानाचा खर्च २५, म्हणजे एकूण १,००० गुंतले. किंमत ठेवली ४०. विकल्या गेल्या २८. नफा किती, असे विचारले की बहुतेक मुले चटकन सांगतात: एका वहीमागे १५, गुणिले २८, म्हणजे ४२०. आता त्यांना म्हणा, विक्री किती झाली ते मांडा. २८ गुणिले ४०, म्हणजे १,१२०. त्यातून १,००० वजा केले की उरतात १२०. मग मधले ३०० कुठे गेले? इथे स्वयंसेवकाने गप्प बसायचे. दोन मिनिटे, तीन मिनिटे, गरज पडली तर पाच. कोणीतरी उठून कोपऱ्यातल्या न विकलेल्या १२ वह्यांकडे बोट दाखवते. बारा गुणिले पंचवीस, तीनशे. पैसे तिथे मालाच्या रूपात पडून आहेत. त्या वह्या पुढे विकल्या जाणार असतील तर ४२० हा आकडा खरा धरता येतो, आणि कोणीच घेणार नसेल तर खरा नफा १२०. शिल्लक मालाची किंमत काय धरायची, या प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासताना वाद होतात, आणि इथे नववीतली मुले त्याच प्रश्नावर भांडत असतात.

आता पेटी उघडा. पेटीत ८८० निघतात. सुरुवातीला १,००० होते, धंद्यात नफा झाला असे फळ्यावर लिहिले आहे, आणि पेटीत मात्र १२० कमी. पुन्हा शांतता. मग कळते की सहा वह्या मैत्रिणींना उधारीवर दिल्या होत्या. सहा गुणिले चाळीस, २४० यायचे बाकी. नफा आणि रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी फळ्यावर लिहून शिकवले तर मुले वहीत उतरवून घेतात. पेटीत हात घालून शोधले तर ती उधारी वसूल करायला निघतात, आणि पुढच्या वेळी उधारी द्यायची का, कोणाला, किती दिवसांची, याचे नियम स्वतः बनवतात.

एवढ्यावर थांबू नका. वह्या बांधायला जो वेळ लागला त्याचे काय, असे विचारा. सहा मुलांनी प्रत्येकी पाच तास दिले असतील तर ३० तास झाले, आणि १२० नफा म्हणजे तासाला ४. स्वतःची मजुरी खर्चात न धरणे ही छोट्या व्यावसायिकांची सगळ्यात सर्रास आढळणारी सवय आहे. मुलांनी ती या वयात पाहिली तर पुढे नोकरी करावी की धंदा, याचा विचार ती जास्त डोळसपणे करतील.

यासाठी भांडवल खरे हवे आणि थोडे हवे. मुलांनी प्रत्येकी छोटा, सारखाच भाग घ्यावा. ज्याला तोही परवडत नाही त्याला सुरुवातीच्या तयारीचे काम देऊन त्या मोबदल्यात भाग द्यावा, आणि ही सोय सगळ्यांसाठी खुली ठेवावी, म्हणजे कोणी वेगळे पडत नाही. तोटा झाला तर तो सोसता येईल एवढाच असावा. पण स्वयंसेवकांनी खिशातून भरून काढू नये. तोटा कोणीतरी भरून देते हे एकदा कळले की किंमत ठरवताना कोणी डोके चालवत नाही.

आता तुमच्याबद्दल. बँकेतली व्यक्ती आली की तिला खात्यांचे प्रकार सांगावेसे वाटतात, हिशेबनिसाला ताळेबंद, व्यावसायिकाला आपल्या यशाची गोष्ट. हे तिन्ही मोह आवरावे लागतात. तुमच्याकडे शिक्षकांकडे नसलेली एक गोष्ट आहे: हे निर्णय तुम्ही रोज घेता आणि त्यांचे परिणाम भोगता. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाला माझी एक विनंती असते की पहिल्या दिवशी आपल्या कामातला एक खरा कागद आणावा, नावे आणि गोपनीय तपशील झाकून. ग्राहकाने नाकारलेले दरपत्रक. कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता. उशिरा आलेल्या बिलाची आठवण करून देणारे पत्र. त्या कागदाभोवती मुले जे प्रश्न विचारतात ते कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके असतात: त्याने दर का नाकारला? मग तुम्ही कमी केला का? कमी केला तर उरले काय?

आणि सत्राआधी एकदा आपापसांत तालीम करा. एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे, आणि एकाने फक्त घड्याळ लावून शिकवणारा किती वेळ बोलला ते मोजायचे. निम्म्याहून जास्त वेळ तोच बोलत असेल तर सत्र पुन्हा आखा. विचारण्याची पद्धतही ठरवून घ्या. "किंमत चाळीस कशी ठरवलीत?" या प्रश्नाने मूल विचार करू लागते. "चाळीस जरा जास्त नाही का?" असे विचारले की ते तुमचा चेहरा वाचून उत्तर देते.

टोगोमध्ये झालेला एक प्रयोग इथे आठवतो. २०१७ मध्ये तो सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले होते. एका गटाला हिशेब, विपणन वगैरे नेहमीचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेणे, संधी शोधणे, अडथळ्यांची आधीच तयारी ठेवणे यांचे प्रशिक्षण दिले, आणि तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने झालेली वाढ ११ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. ही प्रौढ माणसे होती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे मुलांना लागू करू नका. पण "काय विकायचे ते आम्हीच सांगतो" अशी सुरुवात करणाऱ्या स्वयंसेवकांना हा प्रयोग मी आवर्जून सांगते. वस्तू मुलांनीच निवडायची, निवड तुम्हाला चुकीची वाटली तरी.

पैशाच्या विषयांत फार पसारा मांडू नका. लुसार्डी आणि मिचेल यांनी तयार केलेले तीन प्रश्न जगभर वापरले जातात, आणि त्यांत जवळपास सगळा गाभा येतो. शंभर रक्कम दरसाल दोन टक्क्यांनी ठेवली तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होईल, बरोबर तेवढी की कमी? खात्यावर एक टक्का व्याज आणि महागाई दोन टक्के, तर वर्षाने त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त घेता येईल की कमी? एकाच कंपनीचा शेअर घेणे हे म्युच्युअल फंडापेक्षा सुरक्षित असते का? पहिल्या सत्रात हे तीन प्रश्न कागदावर द्या, उत्तरे सांगू नका, आणि कागद जपून ठेवा. ते पुढे लागतील.

चौथा विषय कर्जाचा, आणि त्याला पूर्ण एक सत्र द्या. १,२०० चे कर्ज, बारा महिने, व्याज १२ टक्के "सपाट", म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच. व्याज १४४, म्हणजे महिन्याचा हप्ता ११२. मुलांना दर विचारा, सगळी म्हणतील बारा. मग महिन्यागणिक किती मुद्दल आपल्या हातात होते ते फळ्यावर लिहायला लावा: पहिल्या महिन्यात १,२००, दुसऱ्यात १,१००, असे करत शेवटच्या महिन्यात १००. सरासरी निघते ६५०. वर्षभर सरासरी ६५० वापरले आणि व्याज भरले १४४, म्हणजे दर सुमारे २२ टक्के. हे गणित सातवीच्या पलीकडचे नाही, तरी ते स्वतः केलेली मोठी माणसे फार थोडी भेटतात. त्याच सत्रात महिना तीन टक्क्यांचे कर्ज घ्या. मुले छत्तीस म्हणतील. व्याज न भरता ते मुद्दलात मिळत गेले तर हजाराचे वर्षाने १,४२६ होतात, म्हणजे दर ४२ टक्क्यांच्या पुढे.

फसवणुकीसाठी चार्ल्स पाँझीचे उदाहरण घ्या. बॉस्टनमध्ये १९२० साली त्याने ४५ दिवसांत ५० टक्के परताव्याचे आश्वासन दिले आणि लोकांनी रांगा लावल्या. मुलांना एवढेच सांगा: वर्षात असे आठ टप्पे बसतात, प्रत्येक वेळी दीडपट करत जा. १००, १५०, २२५, आणि आठव्या टप्प्याला अडीच हजारांच्या पुढे. मग विचारा की कोणता धंदा वर्षात पैसे पंचवीसपट करतो. पाँझी म्हणत होता की तो परदेशी टपालाची उत्तर-कुपने (टपाल तिकिटांत बदलून मिळणारी) स्वस्तात घेऊन महाग विकतो. त्याच्याकडे जमलेल्या पैशांच्या हिशेबाने सुमारे १६ कोटी कुपने फिरत असायला हवी होती, प्रत्यक्षात होती सुमारे २७ हजार. "हा पैसा येतो कुठून?" हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला की पुढे कोणती योजना कोणत्या नावाने येते याने फारसा फरक पडत नाही.

हिशेब ठेवण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे. दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची पद्धत, शिकवायची घाई करू नका. डोमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला. त्यात रीतसर हिशेबशास्त्र शिकलेल्यांपेक्षा सोपे ठोकताळे शिकलेल्यांच्या व्यवहारात जास्त सुधारणा दिसली. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगवेगळ्या खणांत ठेवायचा, हा त्यांतला एक ठोकताळा. मुलांसाठी एक रोजमेळ, एक उधारीची वही आणि कुलूपबंद पेटी पुरते. पेटीची किल्ली एकीकडे आणि वही दुसरीकडे असावी. असे का, ते मुलांनाच शोधू द्या.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. वर्गात अशी मुले असतील ज्यांच्या घरी कर्ज आहे, ज्यांच्या घरचे उत्पन्न दर महिन्याला बदलते, ज्यांच्या कमाईवर घर चालते. "घरचा महिन्याचा खर्च लिहून आणा" हा गृहपाठ कृपा करून देऊ नका. तो अभ्यास एका काल्पनिक कुटुंबावर करा, आणि त्या कुटुंबाचे उत्पन्न एका महिन्यात चांगले, दुसऱ्या महिन्यात निम्मे असे ठेवा, कारण ठरलेल्या पगाराचे अंदाजपत्रक बऱ्याच मुलांच्या आयुष्याला लागूच पडत नाही. "गरज आणि चैन" या वर्गवारीवर प्रवचन देणेही टाळा. ज्याच्याकडे काटकसर करण्यापलीकडे पर्यायच नाही, अशा मुलाला बचतीचा उपदेश हा त्याच्या आईवडिलांवरचा आरोप वाटतो. गरिबी ही खर्चाच्या वाईट सवयींमुळेच येते, असा सूर कोणत्याही स्वयंसेवकाच्या बोलण्यात येत असेल तर त्याला बाजूला घेऊन थांबवा.

घानामधल्या शाळांमध्ये दोन अभ्यासक्रमांची तुलना झाली होती. एकात फक्त पैशाचे शिक्षण होते. दुसऱ्यात त्याच्या जोडीला मुलांचे हक्क, स्वतःची ओळख असे सामाजिक शिक्षणही होते. हा दुसरा अफलातून या कार्यक्रमाचा होता. जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ मध्ये मुंबईत त्याची सुरुवात केली होती. दोन्ही गटांतली मुले शाळेतल्या पेटीत बचत करू लागली. पण फक्त पैशाचे शिक्षण मिळालेली मुले इतर मुलांपेक्षा जास्त मजुरी करू लागल्याचे दिसले. दोन्ही अभ्यासक्रमांमधला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, तरी एवढ्यावरूनही मी सावध झाले आहे. शाळा सोडून कमवायला लागलेले मूल हे आपल्या उपक्रमाचे यश नव्हे, आणि हे मुलांना व पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

ब्राझीलच्या अनुभवातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तिथे ८९२ शाळांमधल्या सुमारे २५,००० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. मुलांची समज आणि बचत वाढली, आणि घरी नेलेल्या अभ्यासामुळे पालकांचीही जाण सुधारली. पण हीच मुले उधारीवर खरेदीही जास्त करू लागली. म्हणून पालकांसोबत सोडवायचा कागद जरूर द्या, आणि हप्त्यांवरच्या खरेदीचे सत्र कधीही गाळू नका.

स्वयंसेवकांसाठी काही नियम लेखी हवेत. इथे भिडस्तपणा चालणार नाही. कोणीही मोठी व्यक्ती मुलासोबत एकटी राहणार नाही, खोलीत कायम दोन मोठी माणसे असतील. मुलांशी खाजगी संदेशांची देवाणघेवाण नाही. प्रत्येकाची ओळख आणि पार्श्वभूमी आधी तपासलेली असावी, जुना मित्र असला तरी. आणि कोणीही कसलीही विक्री करणार नाही. बँकेतल्या व्यक्तीने खाती उघडून घ्यायची नाहीत, विमा विकणाऱ्याने पालकांचे क्रमांक घ्यायचे नाहीत, शेअरबाजारातल्या हौशी माणसाने कोणता शेअर चांगला ते सांगायचे नाही. या नियमाला एकदा अपवाद केला की पालकांचा विश्वास जातो आणि तो परत मिळत नाही.

हजेरीचेही तसेच. दोन सत्रे येऊन गायब होणाऱ्या दहा जणांपेक्षा शेवटपर्यंत येणारे चार जण पुरेसे आहेत. ज्याला दर आठवड्याला जमणार नाही त्याला पाहुणा म्हणून एका विषयासाठी बोलवा, मुलांचा गट त्याच्याकडे सोपवू नका.

परिणाम कसा मोजायचा? "आवडले का" असे विचारून काही कळत नाही, मुले सभ्यपणे हो म्हणतात. पहिल्या दिवशीचे तीन प्रश्न शेवटी पुन्हा द्या, आणि सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा द्या. त्यासोबत एक अनोळखी कर्जाची जाहिरात देऊन "सही करण्याआधी काय विचाराल?" एवढेच लिहायला सांगा. या उत्तरांत जो फरक दिसतो तो मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

किती मुलांनी पुढे धंदा काढला, हा निकष मात्र लावू नका. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या छोट्या कंपन्यांच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उद्योजकतेच्या कौशल्यांवर त्याचा ठोस परिणाम दिसला नाही, आणि धंदा काढण्याची इच्छा उलट कमी झाली. अनेकांना हे अपयश वाटले. मला तसे वाटत नाही. ज्या मुलाला कळले की आपल्याला उधारी मागायला जमत नाही, अनिश्चिततेत झोप लागत नाही, त्याने नोकरीचा रस्ता निवडला तर त्याला आपल्याकडून उपयोगाचे काही मिळाले.

तुमच्यासाठी सुरुवातीचा आराखडा असा सुचवते: पहिली तुकडी १५ ते २० मुलांची, चार-पाच जणांचे गट, प्रत्येक गटामागे एक कायमचा स्वयंसेवक, आणि दहा-बारा सत्रे. तारखा ठरवताना सगळ्यात आधी शेवटच्या सत्राची ठरवा आणि ते फक्त हिशेबासाठी राखून ठेवा. पुरस्कार, भाषणे, पाहुणे काहीही त्या दिवशी नको. विक्री त्याच्या किमान दोन आठवडे आधी संपलेली असावी, म्हणजे उधारी वसूल करायला, उरलेल्या मालाचे काय करायचे ते ठरवायला आणि प्रत्येकाचा भाग परत करायला मुलांना वेळ मिळेल.